बॅबेजनंतर शंभर वर्षं कॉम्प्युटर नेमका कुठं अडला होता?

अर्धवट_हुशार

मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. चार्ल्स बॅबेजनं १८३४ च्या सुमारास अॅनालिटिकल इंजिनवर काम सुरू केलं. त्यात आकडेमोड करणारा भाग वेगळा (मिल), आकडे साठवणारा भाग वेगळा (स्टोअर), सूचना द्यायला जॅकार्डच्या मागावरची पंचकार्डं, वर छापून बाहेर काढायची सोय. म्हणजे आजच्या कॉम्प्युटरचा ढाचाच की राव. आणि त्यानंतर खरंखुरं चालणारं काहीतरी थेट १९४० च्या दशकात, झुसेचं झेड३ म्हणा, कोलॉसस म्हणा नाहीतर एनियॅक म्हणा. मधली शंभर वर्षं लोक काय करत होते? वाफेची इंजिनं, टेलिग्राफ, टेलिफोन, विमान सगळं झालं आणि हे एकच राहिलं?

जिथं तिथं एकच उत्तर वाचायला मिळतं की बॅबेज काळाच्या पुढं होता, तेव्हा एवढी अचूक चाकं बनतच नव्हती. मला हे पटत नाही. त्या काळात घड्याळं बनत होती, दुर्बिणी बनत होत्या, मग चाकंच का नाही? ज्यांनी या विषयात डोकं घातलंय त्यांनी जरा उलगडून सांगा, आणि प्लीज "ते जीनियस होते" छाप उत्तरं नकोत.

दातेरी_चाक

बरं झालं विचारलंत, कारण "अचूक चाकं बनत नव्हती" हे प्रकरण १९९१ मध्येच निकालात निघालंय. लंडनच्या सायन्स म्युझियमनं बॅबेजच्या डिफरन्स इंजिन नंबर दोनचे (गणिती कोष्टकं काढायचं त्याचं वेगळं यंत्र, १८४७ ते ४९ मधले) ड्रॉइंग घेतले आणि गणित करणारा भाग प्रत्यक्ष बनवला, साधारण ४००० भाग. मशीनं आजची वापरली पण मुद्दाम अचूकता एकोणिसाव्या शतकात मिळायची तेवढीच ठेवली. चाललं! ३१ अंकांपर्यंत बरोबर उत्तरं. छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला, तोही चालला, आणि सगळं मिळून वजन पाच टन.

त्याहून भारी पुरावा म्हणजे स्वीडनचे शॉइट्झ बापलेक. बापाचा धंदा छापखान्याचा, त्यानं डिफरन्स इंजिनबद्दल नुसतं वाचलं आणि पोराला हाताशी धरून १८४३ पर्यंत एक चालतं मॉडेल उभं केलं. १८५३ मध्ये मोठं मशीन पूर्ण झालं, १८५५ ला पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक, मग ते न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या डडली वेधशाळेनं विकत घेतलं. बॅबेजच्या मशीनपेक्षा लहान आणि जरा नाजूकच, पण चालणारं. म्हणजे बॅबेजच्या हयातीत, त्याच्याच कल्पनेवर, त्याच्यापेक्षा कमी साधनं असलेल्या माणसांनी करून दाखवलं. आता बोला.

डिफरन्स इंजिन करतं काय ते कमी लोक सांगतात म्हणून थोडं लांबण लावतो. वर्गसंख्या घ्या: १, ४, ९, १६, २५. शेजारच्या दोघांतला फरक काढा: ३, ५, ७, ९. आता त्या फरकांतला फरक काढा: २, २, २. कायम २ च. म्हणजे उलटं चालायचं, ९ मध्ये २ मिळवा ११ आले, ते २५ मध्ये मिळवा, ३६ आले, झाला ६ चा वर्ग आणि गुणाकार कुठंच नाही! नुसती बेरीज, आणि बेरीज दातेरी चाकाला जमते. लॉगरिथमची, नौकानयनाची कोष्टकं तेव्हा माणसं हातानं काढायची, मग दुसरी माणसं खिळे जुळवायची, दोन्हीकडे चुका, आणि चुकीचं कोष्टक घेऊन जहाज समुद्रात. म्हणून सरकारनं बॅबेजला पैसे दिले हो, त्याच्या डोळ्यांकडे बघून नाही.

आणि पैसे तरी किती, १७,००० पौंडांच्या वर. त्या काळी एक रेल्वेचं वाफेचं इंजिन ८०० पौंडाच्या आसपास यायचं, करा हिशोब. हातात काय आलं तर १८३२ मध्ये जोडलेला एक नमुना, गणिताच्या भागाचा सातवा हिस्सा. सुंदर आहे तो, आजही चालतो. पण पुढच्याच वर्षी बॅबेज आणि कारागीर जोसेफ क्लेमेंट यांचं फाटलं. बॅबेजला वर्कशॉप आपल्या घराजवळ हवं होतं, क्लेमेंटनं जागा बदलायची भरपाई मागितली, हिशोबावरून आधीच धुसफूस होती, आणि त्या धंद्याचा रिवाज असा की अवजारं कारागिराची, मग पैसे कुणीही दिलेले असोत. क्लेमेंट अवजारं घेऊन बाजूला झाला. तयार झालेले हजारो सुटे भाग पुढं वितळवून टाकले म्हणे, ऐकूनच पोटात कालवतं.

तर अडलं ते चाकावर नाही, पैसा, भांडण आणि बॅबेजचा स्वभाव. एक मशीन पूर्ण व्हायच्या आधी त्याला त्याहून चांगलं सुचायचं आणि तो ते सरकारला सांगूनही टाकायचा! नवीन चांगलं सुचलंय म्हणाल्यावर जुन्याला पैसे कोण देईल? १८४२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरीनं हे काही कामाचं नाही असा शेरा मारला आणि सरकारनं हात झटकले.

(अवांतर: क्लेमेंटच्या त्याच वर्कशॉपमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा तरुण कामाला होता. पुढं स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारा तो हाच. म्हणजे सरकारचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, अचूक काम करणारी एक पिढी घडली त्यातून.)

कार्डावरचं_भोक

दातेरी चाक यांना +१, एक नंबर प्रतिसाद. फक्त एक गोष्ट, धागाकर्त्यांनी विचारलंय अॅनालिटिकल इंजिनबद्दल आणि तुम्ही सांगितलंत डिफरन्स इंजिनाचं. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. डिफरन्स इंजिन एकच काम करणारं, अॅनालिटिकलला कार्ड बदललं की काम बदललं, आणि उत्तर बघून पुढं कुठली कार्डं घ्यायची हे ठरवायचीही सोय. ते बनवून दाखवलंय कुणी? अख्खं नाही. बॅबेज १८७१ मध्ये गेला तोवर मिलचा एक तुकडा तेवढा जोडला होता.

आणि एडा लव्हलेसचं नाव कुणीच कसं घेतलं नाही अजून? १८४३ मध्ये तिनं मेनाब्रेया या इटालियन इंजिनिअरच्या लेखाचा अनुवाद केला आणि त्याला टिपा जोडल्या, टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायच्या पायऱ्यांचा तक्ता आहे. तो तिचा किती आणि बॅबेजचा किती यावर लोक अजून भांडतात, भांडू देत. माझ्या मते त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आकडे हे नुसते आकडे नसून कशाचीही खूण असू शकतात, संगीताच्या सुरांचीसुद्धा, मग हे यंत्र संगीतही रचू शकेल, हे तिला दिसलं. बॅबेजच्या लिखाणात ही उडी दिसत नाही, तो बिचारा गणितातच अडकलेला.

अर्धवट_हुशार

जबरदस्त माहिती, धन्यवाद दोघांनाही. पण माझा प्रश्न अर्धाच सुटला. बॅबेज भांडखोर होता, ठीक, मान्य. मग तो गेल्यावर दुसऱ्या कुणी का नाही उचललं? जगात एकटाच इंजिनिअर होता का तो? १८७१ ते १९४० म्हणजे अजून सत्तर वर्षं होतात.

जुना_रिले

याचं उत्तर मी देतो, आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या खटक्यांत गेलंय.

उचललं नाही असं नाही, आयर्लंडच्या पर्सी लडगेटनं १९०९ मध्ये स्वतःचं डिझाईन छापलं, स्पेनच्या तोरेस केवेदोनं १९२० मध्ये टाइपरायटरवरून गणित सांगायचं विजेचं यंत्र चालवून दाखवलं. पण गरजच नव्हती हो कुणाला. म्हणजे गरज होती पण वेगळ्या गोष्टीची. सरकारला आणि कंपन्यांना अवघड गणित करायचं नव्हतं, ढिगानं मोजदाद करायची होती. अमेरिकेची १८८० ची जनगणना, तिची आकडेवारी पूर्ण व्हायला सात-आठ वर्षं गेली, तोवर पुढची दारात. तिथं हर्मन होलेरिथ घुसला. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, वय, लिंग, जन्मस्थान वगैरे सगळं भोकांत. कार्ड ठेवायचं आणि वरून हँडल दाबायचं, स्प्रिंगच्या पिना खाली येणार, जिथं भोक आहे तिथून पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडणार, सर्किट पूर्ण, त्या रकान्याच्या घड्याळाचा काटा एक घर पुढं. बस्स! १८९० ची जनगणना यावर झाली. त्याची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. पुढची चाळीसेक वर्षं सगळ्या ऑफिसांचं काम याच्यावर मजेत चाललं, मग अॅनालिटिकल इंजिनाला कोण विचारतो.

आता १९३० नंतर काय बदललं. रिले (विजेनं उघड-बंद होणारे खटके) मुबलक झाले, टेलिफोनवाल्यांनी लाखांनी बनवले. बर्लिनमध्ये कोनराड झुसे नावाचा पोरगा, विमान कारखान्यातल्या हिशोबांना कंटाळलेला, आईबापाच्या घरात बसून पत्र्याच्या पट्ट्यांचं झेड१ बनवतो (१९३८, नीट कधी चाललंच नाही), मग मे १९४१ मध्ये दोन हजारांच्या वर रिले वापरून झेड३. प्रोग्रॅम कशावर, तर सिनेमाच्या टाकाऊ फिल्मवर भोकं पाडून! आणि याला तेव्हा बॅबेज ठाऊकही नव्हता बरं का. शून्य-एकची पद्धत, दशांशचिन्ह सरकवणारी आकडेमोड, सगळं एकट्याच्या डोक्यातून. त्याच्याकडे "असं झालं तर तिकडं जा" ही सूचना मात्र नव्हती. झेड३ १९४३ च्या बॉम्बिंगमध्ये गेलं.

तिकडे हार्वर्डला हॉवर्ड एकेन, त्यानं आयबीएमच्या पैशांवर मार्क वन बनवलं, १९४४, ५१ फूट लांब. बॅबेजच्या मुलानं हार्वर्डला पाठवलेली चार चाकं त्यानं बघितली होती, आणि स्वतःला बॅबेजचा वारस म्हणवून घ्यायला त्याला फार आवडायचं. पण मार्क वनला एक गुणाकार करायला सहा सेकंद लागायचे. सहा सेकंद! रिले आणि गिअर म्हणजे शेवटी हलणारी वस्तू, ती किती हलणार.

वेग हवा तर व्हॉल्व्ह हवा (जुन्या रेडिओतली काचेची नळी, काहीही न हलता चालणारा विजेचा खटका), हे कळणारे लोक होते, पण विश्वास नव्हता. व्हॉल्व्ह जळतो. रेडिओत पाच-सहा असतात तरी वर्षा-दोन वर्षांत एक जातो, मग हजार-दोन हजार एकत्र लावले तर मशीन चालणार कधी आणि दुरुस्त होणार कधी? झुसेचा मित्र श्रायर व्हॉल्व्हचं मशीन करू म्हणाला तर वरून सांगितलं की एवढा वेळ कशाला, तोवर आपण युद्ध जिंकलेलं असेल.

आणि इथं आमच्या खात्याचा माणूस येतो, टॉमी फ्लॉवर्स, ब्रिटिश पोस्टाच्या डॉलिस हिल रिसर्च स्टेशनचा. युद्धाआधीच त्यानं टेलिफोनच्या लाईनवर हजारो व्हॉल्व्ह चालवून बघितले होते, त्यामुळे त्याला एक गोष्ट अनुभवानं माहीत होती: व्हॉल्व्ह चालू असताना फारसा मरत नाही, चालू-बंद करताना मरतो. फिलामेंट गार-गरम झालं की तुटतं. मग बंदच करू नका ना! ब्लेचली पार्कवाल्यांना (शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणारं ब्रिटिश केंद्र) पटेना, तरी त्यानं पोस्टाच्या जोरावर काम रेटलं, जागेवर नेऊन जोडलं आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये कोलॉसस जर्मन संदेशांवर कामाला लागलं. साधारण १६०० व्हॉल्व्ह, कागदी टेप सेकंदाला ५००० अक्षरं या वेगानं. १ जूनला दुसरं मॉडेल, २४०० व्हॉल्व्ह. युद्ध संपेस्तोवर दहा मशीनं. (आणि ते एनिग्मासाठी नव्हतं हो, लॉरेन्झ नावाच्या टेलिप्रिंटरच्या सांकेतिक यंत्रासाठी होतं, दर वेळी लोक दोन्हींचा गोंधळ घालतात.)

बक्षीस काय मिळालं, तर १००० पौंड. बहुतेक मशीनं मोडून टाकली आणि ड्रॉइंग फ्लॉवर्सनं स्वतःच्या हातानं बॉयलरच्या भट्टीत घातले, तसा हुकूमच होता. १९७० च्या दशकापर्यंत चकार शब्द काढायची परवानगी नव्हती. या माणसाबद्दल लिहिताना माझा आवाज जरा चढतो, समजून घ्या.

टकळी

काका तुमचा आवाज चढला तरी चालेल, वाचायला मजा आली.

पण मग "पहिला कॉम्प्युटर एनियॅक" हे कसं रूढ झालं? मला वाटतं गुपित आणि कोर्ट, या दोघांनी मिळून इतिहास लिहिलाय. कोलॉसस गुपित. झुसे हरलेल्या देशात. उरलं एनियॅक, फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमधलं, फेब्रुवारी १९४६ मध्ये पत्रकारांना बोलावून थाटात दाखवलं. १८,००० च्या आसपास व्हॉल्व्ह, ३० टन, सेकंदाला ५००० बेरजा. तोफगोळ्याचा मार्ग काढायला माणसाला वीस तासांच्या वर लागायचे, ते याला अर्ध्या मिनिटात. अर्थात सगळे पेपर तेच छापणार.

एकर्ट आणि मॉकली या त्याच्या कर्त्यांनी १९४७ मध्ये पेटंटला अर्ज केला, मिळालं १९६४ मध्ये, आणि मग पेटंटच्या मालक कंपनीनं बाकीच्या कॉम्प्युटर कंपन्यांकडे रॉयल्टी मागायला सुरुवात केली. हनीवेलनं कोर्टात खेचलं, आणि तिथं आयोवाचे एक प्रोफेसर साक्षीला, जॉन अटानासॉफ. त्यांनी क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला घेऊन १९३९ ते ४२ मध्ये ३०० च्या आसपास व्हॉल्व्हचं एक मशीन केलं होतं, एकसामयिक समीकरणं सोडवणारं, २९ अज्ञातांपर्यंत. आणि मॉकली जून १९४१ मध्ये त्यांच्या घरी मुक्काम करून ते बघून गेले होते! १९ ऑक्टोबर १९७३ ला न्यायाधीश लार्सन यांनी पेटंट रद्द केलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत निक्सन आणि वॉटरगेटवरून एवढा धुरळा उडाला की ही बातमी कुठल्या कुठं गेली. अटानासॉफ यांचं नशीबच तसं, कॉलेजनं पेटंटचा अर्ज पण केला नव्हता, आणि मशीन पुढं मोडून भंगारात.

माझं मत विचाराल तर मॉकलींनी अख्खं एनियॅक तिथून चोरलं असं म्हणणं म्हणजे अतिच आहे. अटानासॉफ यांच्या मशीनवर प्रोग्रॅम बदलता येत नव्हता, आणि मधली उत्तरं कार्डावर ठिणगीनं भोक पाडून ठेवायची जी सोय होती तीच नीट चालत नव्हती. पण व्हॉल्व्हनं गणित करायचं धाडस तिथं आधी झालं, हे त्यांना द्यावंच लागेल.

पाऱ्याची_नळी

वरचे सगळे प्रतिसाद आवडले, पण सगळे वेगावर आणि व्हॉल्व्हवर बोलतायत आणि मला वाटतं खरी गाठ तिथं नव्हतीच. हिशोब करणं सोपं होतं मंडळी, लक्षात ठेवणं अवघड होतं. बॅबेजपासून एनियॅकपर्यंत सगळ्यांचं घोडं तिथंच अडलं.

बघा ना, बॅबेजच्या स्टोअरमध्ये एका अंकाला एक चाक. समजा १०० आकडे ठेवायचेत प्रत्येकी ४० अंकी, झाली ४००० चाकं, नुसती लक्षात ठेवायला. एनियॅकमध्येही तेच, चाकाऐवजी व्हॉल्व्ह: दहा अंकी एक आकडा धरून त्यात बेरीज करायच्या कपाटाला साधारण ५५० व्हॉल्व्ह, अशी २० कपाटं. म्हणजे ११,००० व्हॉल्व्ह खर्चून लक्षात राहणार २० आकडे! मग प्रोग्रॅम कुठं ठेवणार? ठेवायलाच जागा नाही, म्हणून तो वायरींत. गणित बदललं की वायरी उपसा, स्विच फिरवा, परत जोडा, दिवसचे दिवस जायचे त्यात.

प्रोग्रॅमही आकड्यांसारखाच मेमरीत ठेवा ही कल्पना १९४५ मध्ये कागदावर आली. जॉन फॉन नॉयमन यांचा १०१ पानी मसुदा, एडव्हॅक नावाच्या पुढच्या मशीनवरचा. मुखपृष्ठावर नाव त्यांचं एकट्याचं, आणि एकर्ट-मॉकली आयुष्यभर कुढत राहिले, माझ्या मते रास्त कुढत राहिले, कारण त्या चर्चा सगळ्यांच्या होत्या. वर त्या मसुद्याच्या प्रती वाटल्या गेल्या त्याच कोर्टात "आधीच प्रसिद्ध झालेलं" म्हणून त्यांच्या पेटंटविरुद्ध गेल्या. टकळीताईंच्या गोष्टीत हा तुकडा राहिला होता.

पण कल्पना झाली, मेमरी कुठाय? ती आली रडारमधून. एकर्टनं युद्धात रडारसाठी पाऱ्याच्या नळ्यांवर काम केलं होतं. पाच फुटांची नळी, आत पारा, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक. एका टोकाला विजेचा ठोका दिला की स्फटिक थरथरतो, पाऱ्यातून आवाजाची लाट निघते, दुसऱ्या टोकाला पोचायला साधारण एक मिलिसेकंद, तिथला स्फटिक तिचा परत विजेचा ठोका करतो, तो ताजा करून पुन्हा पहिल्या टोकाला. ठोका म्हणजे एक, ठोका नाही म्हणजे शून्य. कागद-पेन नसताना आपण फोन नंबर तोंडातल्या तोंडात घोकत राहतो ना, अगदी तसं, पारा घोकतो आणि थांबला की विसरला. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅकमध्ये एका नळीत ५७६ बिट मावायचे, तेही मोजक्या व्हॉल्व्हवर. मे १९४९ मध्ये ते चालू झालं, पहिल्या दिवशी वर्गसंख्यांचं कोष्टक छापलं (दातेरी चाक, तुमचंच उदाहरण!). तापमान बदललं की पाऱ्यातला आवाजाचा वेग बदलतो म्हणून नळ्या सांभाळाव्या लागायच्या तान्ह्या पोरासारख्या. अॅलन ट्युरिंग यांनी तर पाऱ्याऐवजी जिन वापरा असं सुचवलं होतं, हो प्यायची जिन, पाणी आणि अल्कोहोलचं प्रमाण त्यात नेमकं पाहिजे तसं म्हणून. कुणी केलं नाही ते.

दुसरा रस्ता मँचेस्टरचा. फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न हे पण रडारवालेच. त्यांनी टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके ठेवले. ठिपका सेकंदाच्या काही अंशात विरतो, म्हणून विरायच्या आत वाचायचा आणि परत उमटवायचा, सतत. आजच्या रॅममधला चार्ज असाच सारखा ताजा करावा लागतो, आणि गंमत म्हणजे अटानासॉफ यांच्या फिरत्या ड्रमवरच्या कपॅसिटरमध्येही हीच युक्ती होती. पाऱ्यापेक्षा याचा फायदा असा की पाहिजे तो ठिपका लगेच गाठता येतो, नळीच्या टोकाशी त्याची वाट बघत बसावं लागत नाही.

ही ट्यूब खरंच लक्षात ठेवते का हे तपासायला म्हणून एक छोटं मशीन बांधलं, त्याचं नाव बेबी. ३२ ओळी, प्रत्येकी ३२ बिट, एवढीच मेमरी. २१ जून १९४८ ला त्यावर मेमरीत ठेवलेला पहिला प्रोग्रॅम चालला. मला विचाराल तर धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर हे आहे: कॉम्प्युटर मेमरीत अडला होता आणि रडारनं सोडवला.

कार्डावरचं_भोक

सहमत, पण एनियॅकच्या वायरींचा विषय निघालाच आहे तर त्या उपसणाऱ्या कोण होत्या तेही लिहा की. सहा बायका: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास, रूथ लिक्टरमन. मशीन गुप्त म्हणून सुरुवातीला त्यांना ते बघायचीसुद्धा परवानगी नव्हती, नुसत्या ब्लॉक डायग्रॅमवरून शिकल्या. १९४६ च्या त्या थाटातल्या प्रयोगात तोफगोळ्याचं जे गणित पत्रकारांना दाखवलं ते जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी लावलेलं, आणि बातम्यांत दोघींचं नाव नाही.

आणि कुणी ग्रेस हॉपरनं (मार्क वनवरची प्रोग्रॅमर) बग शोधला ती पतंगाची गोष्ट टाकायच्या आधीच सांगते, तो पतंग सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू च्या रिलेत सापडला आणि वहीत चिकटवला, एवढं खरं आहे. पण मशीनमधल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. वहीतला विनोदच तो आहे, की या वेळी खराखुरा किडा सापडला.

दातेरी_चाक

पाऱ्याची नळी, मेमरीचा मुद्दा मान्य, पण बॅबेजच्या वेळेला मेमरी सुटली असती तरी हँडल फिरवून ४० अंकी गुणाकाराला मिनिटं लागणारच होती, त्याला एवढं मोठं स्टोअर भरायचं तरी कशानं? वेग आधी, मेमरी नंतर. व्हॉल्व्हनं वेग आला म्हणून मेमरी तोकडी पडायला लागली, त्याआधी ती कुणाला बोचतच नव्हती.

पाऱ्याची_नळी

हो, हे बरोबर धरलंत. रिलेच्या मशीनला कागदाची पट्टी पुरेशी होती, सूचना वाचायला जेवढा वेळ तेवढाच करायला. सेकंदाला हजारो बेरजा सुरू झाल्या तेव्हा पट्टी मागं पडली. तुमची गाठ आधीची, माझी नंतरची, भांडण मिटलं.

अर्धवट_हुशार

वा, खूप मिळालं. एकच शेवटचं, त्या बेबीवर पहिला प्रोग्रॅम कसला चालवला? ३२ ओळींत काय मावणार?

पाऱ्याची_नळी

१७ सूचनांचा होता, किलबर्नचा. एखाद्या संख्येला नि:शेष भाग देणारी तिच्यापेक्षा लहान अशी सर्वात मोठी संख्या काढायची. आधी लहान संख्यांवर बघितलं, मग २ चा अठरावा घात दिला, म्हणजे २,६२,१४४. बेबीला भागाकार येत नव्हता, बेरीजही येत नव्हती, फक्त वजाबाकी. मग २,६२,१४३ पासून सुरुवात, वजा करत जा, शून्य उरलं का? नाही. एकनं खाली या, परत वजा. असं करत करत १,३१,०७२ पर्यंत. ५२ मिनिटं चाललं, ३५ लाखांच्या आसपास सूचना. उत्तर काय येणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, सगळ्यात अडाणी पद्धत मुद्दाम निवडली होती. तपासायचं होतं ते एवढंच की तासभर पडद्यावरचा एकही ठिपका चुकतो का.